डोकं दक्षिणेला

दामू गेला त्या दिवशी मी म्हटलं, "चला, मानेला शेवटी आराम पडला." जमलेल्या बायकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मीच त्याला मारला. पण खोटं काय बोललो? वीस-पंचवीस वर्षं ती मान वळली नव्हती. गळ्याला कायम तो पांढरा पट्टा, घामानं पिवळा पडलेला. बाजूला बघायचं झालं तर मान नाही, अख्खा दामू वळायचा, पायापासून. लहान पोरं मागून "दामूकाका!" अशी हाक मारायची आणि तो वळायच्या आत पळून जायची. तो पूर्ण फिरून रिकाम्या गल्लीला म्हणायचा, "कोण रं?"

मला लिहायची सवय नाही. चौथीपर्यंत शिकलो, मग होडीवर गेलो. पण दामूबद्दल कोणी लिहिणार नाही. लग्न नाही, पोर नाही. आणि माझ्या घरात त्याचं एक काम अजून चालू आहे. रोज चालू होतं, माझी इच्छा असो नसो. म्हणून लिहितो.

दांडी गावात आमची घरं पाठीला पाठ लावून. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. माझी होडी कुजली तेव्हा मी बोईसरला एका कंपनीत हेल्पर म्हणून लागलो, ठेकेदाराकडे. दामू तिथं आधीपासून पक्का होता. दाबाची, तापमानाची घड्याळं असतात ना नळ्यांवर, ती बघायचं काम. सगळी डोक्याच्या वर बसवलेली. जन्मभर वर बघून बघून मान गेली.

एकदा नवीन साहेब आला. नळीखालून जाता जाता म्हणाला, "ये गेज खराब है, बदलो." दामू आधी सगळा वळला. मग म्हणाला, "साहेब, इधर आओ. गेज के सामने खडे रहो. अब पढो." साहेब शिडीवर चढून काट्यासमोर उभा राहिला. आकडा बरोबर निघाला. खाली उतरल्यावर दामू माझ्याकडे बघून मराठीत बोलला, पण साहेबाला ऐकू जाईल असं. "घड्याळ खोटं बोलत नाय, दादा. माणूस वाकडा उभा राहतो."

हे त्याचं ब्रीदच होतं. यंत्र जिथं आहे तिथं उभं राहून बघायचं. पुढं हेच ब्रीद आमच्या घरात उलटलं, ते सांगतो.

रिटायर झाल्यावर त्यानं पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडले. मांडले म्हणजे काय, बोईसरच्या भंगारवाल्यांकडून कंपन्यांचे टाकलेले डबे आणायचा आणि जिवंत करायचा. त्यात सगळ्यात लिनक्स. दुसरं काही टाकायचाच नाही. शाळेतले मास्तर एकदा आपला डबा घेऊन आले. म्हणाले, "दामूभाऊ, नेहमीचं विंडोज टाका. कॉपी मिळते, सगळे तीच टाकतात."

"सगळे उचलतात म्हणून तुमी शेजारणीच्या वाळवणातले बोंबील उचलाल काय?"

"अहो, पण मुलांना तेच शिकवतात."

"मग मुलांना हे पण शिकवा. हे फुकट हाय आणि चोरीचं नाय."

मास्तर रागानं डबा घेऊन गेले. पंधरा दिवसांनी परत आले, व्हायरस घेऊन. दामूनं डबा उचलून घेतला. चपला दाराबाहेर काढल्या, माशांच्या उलट्या क्रेटवर बसला, खुर्चीवर तो कधी बसला नाही, आणि डब्यावर हात ठेवून म्हणाला, "बाय, काय दुखतंय तुजं?" डब्याला तो कायम बायच म्हणायचा. माणसांशी एवढ्या मायेनं बोललेला मी त्याला बघितला नाही.

आता हिराचं. हिरा माझी बायको.

ती बंदरावर मासळीची पाटी उतरवताना पडली. उजवा खुबा मोडला. पालघरला ऑपरेशन केलं, पण ते जुळलं नाही. उताणं निजली की दम लागायचा, उजवी कूस तर गेलीच. राहिली डावी कूस. दीड वर्ष ती बाई एका कुशीवर निजली. खाट मी खिडकीशी लावली, डोकं केळव्याच्या अंगाला, म्हणजे दक्षिणेला, पाय डहाणूच्या अंगाला, उत्तरेला, तोंड दर्याकडे. आमच्याकडे डावं-उजवं कोणी बोलत नाही. दर्याकडे, रानाकडे, केळव्याकडे, डहाणूकडे. होडीत तसंच, घरात पण तसंच. भाकरी वाढताना पण हिरा म्हणायची, "जरा रानाच्या अंगाला सरका."

आमचा एकच मुलगा, नरेश. मालाच्या बोटीवर आहे, दूर कुठं कुठं फिरतो. बोट बंदराला लागली की आठ-पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल करायचा. हिराला मोतीबिंदू. फोनवर बघून म्हणायची, "तोंड कुठं हाय त्याचं? मला बशी दिसते." हातातून फोन गादीत पडायचा. तिचं बाकी काही मागणं नव्हतं. औषधाला कंटाळली होती, जेवणाला कंटाळली होती. मला पण कंटाळली असेल. एकच म्हणायची, "एकदा माजा पोर मला धड दिसू दे."

मी दामूकडे गेलो. तो त्याच दिवशी एक डबा आणि मोठा स्क्रीन घेऊन आला, जोडलं, कॉल त्यावरच येईल असं केलं, नरेशचा फोटो लावला. बोटीवर उभा आहे, निळा बॉयलर सूट घालून, असा. हिरानं बघितला आणि म्हणाली, "हा आडवा का पडलाय?"

बरोबरच होतं. ती आडवी, म्हणून तिला तो आडवा. दामू विचार करायला घरी गेला. मला दम निघाला नाही. मी स्क्रीनच उचलून कुशीवर उभा केला, पिठाच्या डब्याचा टेकू दिला. संध्याकाळी घसरून खाली आला. कोपऱ्यात माकलाची शाई सांडावी तसा काळा डाग पडला. अजून आहे. दामूनं तो डाग बघितला, मला बघितलं, अख्खा वळून.

"दादा, स्क्रीन नाय वळवायचा. चित्र वळवायचं. आत एक हुकूम असतो. वयनी कशा निजतात?"

"दर्याकडे तोंड करून."

"आणि डोकं?"

"केळव्याकडे. दुसरीकडे कसं असेल?"

तो स्क्रीनपाशी जाऊन उभा राहिला, खिडकीला पाठ लावून. यंत्र जिथं आहे तिथं उभं राहून हिराकडे बघितलं. हात पुढं करून मोजलं. हिराचं डोकं त्याच्या उजव्या हाताला येत होतं. मग क्रेटवर बसला आणि एका बोटानं टाईप करायला लागला. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं. यंत्र नाही म्हणालं. "स्क्रीनच्या तारेचं नाव चुकलं," तो म्हणाला. "मधली रेघ राहिली. बायला तिच्या पुऱ्या नावानं हाक मारावी लागते." रेघ घातली, शेवटी राइट लिहिलं. तेवढ्यात नरेशचा कॉल आला. आम्हाला वाटलं, काय मुहूर्त साधलाय.

पडदा क्षणभर काळा झाला. मग नरेश आला.

मी उभा होतो, मला तो आडवा दिसणारच होता. पण डोकं कुठं होतं? डहाणूकडे. उत्तरेला. त्यानं आईला दिसावा म्हणून फोन कुठंतरी टेकवून ठेवला होता आणि लांब सरळ उभा राहिला होता, हात अंगाला चिकटवून. आमच्या पडद्यावर तो उताणा पडलेला, पाय केळव्याकडे, डोकं उत्तरेला. आमच्यात माणसाचं डोकं उत्तरेला एकदाच करतात, मेल्यावर भुईवर घेतात तेव्हा.

हिरा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, "दामूभाव, माज्या पोराला काय केलंस?"

तिकडून नरेश, "आई, दिसतोय ना मी? आई?"

"तू बरा हायस ना?"

"बरा हाय गो. काय झालं?"

"बरा हायस ना रे?"

तीनदा विचारलं. मग डोळे मिटून मला म्हणाली, "बंद करा ते."

त्या दिवशी तिनं पेज पण घेतली नाही. देवीला नारळ बोलली. पोराचं काही बरंवाईट होणार हे तिनं मनात धरलं, आणि धरलं की हिराच्या हातून देव पण सोडवून घेऊ शकत नव्हता. नरेशची बोट बंदर सोडून निघाली होती. परत कॉल यायला आठ दिवस. ती बाई आठ दिवस एका कुशीवर, पोर जिवंत आहे का नाही याचा विचार करत.

मी दामूला जाऊन नको ते बोललो. "तुजी मान वाकडी, तुजी अक्कल पण वाकडी." तो क्रेटवर बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चटई घेऊन आला. माफी मागितली नाही. चपला बाहेर काढल्या, गळ्याचा पट्टा सोडला आणि खुर्चीच्या पाठीला अडकवला. पट्ट्याशिवाय त्याचा गळा मी कित्येक वर्षांनी बघितला, बाळासारखा गोरा, बारीक. मग त्यानं हिराच्या खाटेला लागून चटई टाकली, डोकं केळव्याकडे, आणि डाव्या कुशीवर निजला, तिच्यासारखा. कीबोर्ड पोटाशी घेतला. निजताना मानेतून कळ आली असेल, दात आवळलेले दिसले.

खाटेवरून हिरानं विचारलं, "ह्ये काय, दामूभाव?"

"वयनी, मी यंत्राच्या जागी उभा राहिलो. तुमच्या जागी निजायला पायजे होतं."

राइट खोडून लेफ्ट लिहिलं. पडदा काळा झाला, उजळला. दोघं खालीवर, एका कुशीवर, एकाच बाजूला बघत पडलेली. फोटोतला नरेश दोघांना उभा दिसत होता. मला आडवा. त्या खोलीत उभा असलेला मी एकटाच, आणि वाकडा मीच.

"आता?" दामू म्हणाला.

"फोटो सरळ झाला. माणूस कुठं हाय?"

दामू रोज येऊन बसायचा, कॉलची वाट बघत. आठव्या दिवशी कॉल आला. नरेशनं फोन उभा टेकवून ठेवलेला आणि आमचा पडदा तिच्या बाजूनं उभाच झालेला. डोक्यापासून पायापर्यंत तो मावला. हिरानं उशीवरून डोकं जरा वर उचललं. मग म्हणाली, "दारात उभा हाय." आणि मला, "अवो, बघा ना, दारात उभा हाय."

"मला आडवा दिसतो."

"मग निजा."

दामू हसला. तो हसताना पण मान हलायची नाही, नुसते खांदे.

पण आमच्याकडची लाइट तुम्हाला माहीत आहे. जायची, यायची, आणि डबा सगळं विसरून सरळ व्हायचा. मला ते टाईप करणं जमत नव्हतं. मग दामूनं तो हुकूम आतच कुठंतरी लिहून ठेवला, डबा उठला की आपोआप होईल असा. तरी होईना. हुकूम आधी पळायचा, पडदा मागून जागा व्हायचा. "घाई करते बाय," म्हणाला आणि हुकुमाला सांगितलं, सात सेकंद थांब. आणखी एक केलं. लाइट आली की डबा स्वतःच चालू व्हायचा, कोणी बटण न दाबता. तेव्हापासून लाइट आली की फोटोतला नरेश आधी माझ्यासाठी सरळ उभा राहायचा. हिरा मोजायची. एक, दोन, तीन. सातला पडदा काळा, मग ती म्हणायची, "आला." माझ्या बाजूनं तो आडवा झालेला असायचा, डोकं दक्षिणेला. तिच्यासाठी आलेला असायचा.

दामूनं वहीचं पान फाडून कपाटाला चिकटवलं होतं. तीन ओळी. सरळ करायची, लेफ्ट करायची आणि राइटची. राइटची ओळ पेनानं एवढी खोडली होती की कागद फाटला होता. मी विचारलं, "नको होती तर लिहिलीस कशाला?" म्हणाला, "कुठं जायचं नाय ते पण लिहिलेलं असावं."

हिरा गेली सकाळी. चहा तसाच राहिला. नरेश परदेशी बंदरावर, यायला दोन दिवस. दोन दिवस कोण ठेवणार? तिला भुईवर घेतलं, डोकं उत्तरेला. दीड वर्षानंतर पहिल्यांदा ती उताणी निजली. नरेशला कॉल लावला. जमलेली सगळी माणसं माना वाकड्या करून पडद्याकडे बघत होती. पोर आडवा, रडतोय, डोकं केळव्याकडे. खाली आई, डोकं डहाणूकडे.

एक म्हातारी म्हणाली, "दामू, बरं दिसत नाय ते. आईचं डोकं तिकडं, पोराचं इकडं. फिरव त्याला, दोघांचं एका बाजूला कर."

"नाय," दामू म्हणाला.

"अरे, शेवटची भेट हाय."

"त्या बाजूला नाय फिरवणार. एकदा फिरवला तेवढा बस झाला."

मी तिथंच बसलो होतो. मला त्या क्षणी काही कळत नव्हतं, म्हातारी बोलली ते पण बरोबर वाटलं. मी म्हणालो असतो फिरव, तर काय केलं असतं त्यानं, माहीत नाही. तो क्रेट शोधत होता. क्रेटवर कोणीतरी बसलं होतं. मग तो गुडघ्यावर बसला, त्या पट्ट्यानिशी, आणि टाईप केलं. पडदा काळा झाला आणि नरेश सरळ झाला. उभा. सगळ्या माना सरळ झाल्या.

"वयनी आता बघणार नाय," दामू म्हणाला. "पोराला उभ्यानं हात जोडू द्या."

नरेशनं हात जोडले. मला दामूचा राग आला. बघणार नाय, असं कोणी बोलतं? तो राग मी बरेच दिवस धरून ठेवला. धरायला दुसरं काही नव्हतं.

दामूनं त्या दिवशी आतला हुकूम पण काढून टाकला. लाइट यायची, डबा उठायचा, नरेश उभा राहायचा आणि तसाच उभा राहायचा. मी नकळत मोजायचो. सातला काही व्हायचं नाही. आठ, नऊ, दहा. खाट रिकामी, उशीला तिच्या गालाचा खड्डा. नरेश येऊन तेरावं करून परत बोटीवर गेला. कॉल आला की मी खुर्चीवर बसायचो, तो सरळ, मी सरळ, आणि दोघांना बोलायला काही नसायचं. आमचं बोलणं सगळं खाटेवरून व्हायचं ना. तिच्या मार्फत.

तो गेल्यावर असे पंधरा दिवस काढले. सोळाव्या दिवशी सकाळी दामूच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"ते परत आडवं कर."

तो अख्खा वळला. "कोणासाठी, दादा?"

"तू करतोस का नाय?"

आला. चपला बाहेर. पट्टा काढून खुर्चीला. चटई नव्हती आणली, तसाच लादीवर निजला, डाव्या कुशीवर, रिकाम्या खाटेला लागून. हुकूम परत आत लिहिला. सात सेकंद थांब, ते पण लिहिलं. मग डबा बंद करून परत चालू केला, तपासायला. नरेश सरळ आला. मी मोजत होतो. खालून आवाज आला, तो पण मोजत होता. सातला पडदा काळा झाला. आम्ही दोघं पण "आला" बोललो नाही. ते तिचं होतं.

दामू लगेच उठला नाही. पडून बघत राहिला. मला वाटलं मान धरली. हात द्यायला वाकलो तर म्हणाला, "थांबा जरा. सरळ दिसतंय."

मग उठला, पट्टा बांधला. मला विचारलं नाही की मी ते बघणार कसं. त्याला कळलं असणार. कॉल आला की मी खाटेवर चढतो, तिच्या कुशीवर, तिच्या खड्ड्यात गाल ठेवून, दर्याकडे तोंड करून. नरेशला वाटतं बाबा आजारी आहेत. असू दे.

दारापर्यंत गेला. चपला घातल्या. दोन पावलं गेला आणि थांबला. मागून पोरांनी हाक मारावी तसा थांबला, पण कोणी हाक मारली नव्हती. मग वळला, नेहमीसारखा, आधी पाय, मग कंबर, मग छाती, आणि सगळ्यात शेवटी तोंड माझ्यासमोर आलं.

"उशी केळव्याकडेच हाय ना?"

"हाय."

"तिथंच ठेवा, दादा. डहाणूकडे नका नेऊ. अजून नाय."

मी म्हटलं, "जा तू."

तो तसाच उभा राहून खाटेकडे बघत होता, उशी खरंच कुठल्या अंगाला आहे ते. बघून झाल्यावर परत सगळा वळला आणि गेला. चौथ्या दिवशी तो मानेचा एक्स-रे काढायला पालघरला गेला, तिथंच दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या संपला. त्याला घरी आणून भुईवर घेतलं तेव्हा पट्टा मीच सोडला.

उशी केळव्याकडेच आहे.